ठकूबाईंची मेंढरं आणि ग्रीसचे मेंढपाळ

मेंढरं राखणारा माणूस गातो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

खरं बोला. भिंतीवरच्या कॅलेंडरात झाडाला टेकून पावा वाजवणारा मेंढपाळ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या पायाला चिखल नसतो आणि त्याच्या मेंढ्यांना गोचीड नसते. पण खरा कळप रस्त्यात आडवा आला की आपण सायकलची घंटी वाजवतो आणि नाकाला रुमाल लावतो. गाणं ऐकायला आपल्यातलं कोण थांबलं आहे?

हा प्रश्न मी दिवाळीच्या सुमारास पुण्यात भेटेल त्याला विचारत होतो. विचारताना मला मजा येत असे. आता येत नाही. दिवाळी उलटल्यावर मी वारज्याहून खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. याला प्रवास म्हटलं तर लोक हसतील, कारण सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला घरी येतो. मला तीन दिवस लागले, आणि परत आल्यावर कितीतरी दिवस मी मित्रांना तोंड दाखवलं नाही. का, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

खडकी

माझे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर आहेत. मी अक्षरं शिकलो ती गेटवर वाटलेल्या पत्रकांवरून. 'अन्याय' हा शब्द मला 'आजोबा' या शब्दाच्या आधी लिहिता येत होता. त्यामुळे आमच्या अभ्यासमंडळाने पुस्तिका लिहायला सांगून 'ग्रीक मेंढपाळ-काव्य कुठून आलं आणि कुठवर गेलं' असा विषय दिला, तेव्हा मी नाही म्हणेन असं सगळ्यांना वाटलं. मी उलट त्यावर तुटून पडलो.

वाचनालयात बसून इंग्रजी भाषांतरं वाचली. गोष्ट थोडक्यात अशी. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सिसिली बेटावरच्या एका ग्रीक कवीने मेंढपाळांना कवितेत आणलं. हे मेंढपाळ सावलीत भेटतात, कोकरू नाहीतर लाकडी वाडगा पैजेला लावतात. एकाने ओळ म्हटली की दुसरा तिला ओळीनेच उत्तर देतो आणि तिसरा कुणीतरी निवाडा करतो. पुढे हा प्रकार रोमच्या कवींनी उचलला, मग साऱ्या युरोपने. मेलेल्या मित्रावर कविता करायची तरी त्याला मेंढपाळ बनवायचं. दरबारातल्या मंडळींनी मेंढपाळांचे कपडे घालून नाचायचं. एका राणीने तर खेळायला खोटं खेडं बांधून घेतलं. तिथून तो पावा इंग्रजी शाळेच्या वाटेने आपल्याकडे आला आणि कॅलेंडरावर जाऊन बसला.

याचा उगम कुठे, यावर पंडितांचं एकमत नाही. काही म्हणतात, सिसिलीत एका देवीच्या उत्सवात मेंढपाळ खरोखरच गाण्याच्या चढाओढी लावत. काही म्हणतात, ती कामावरची गाणी होती. आणि काही म्हणतात, सगळं त्या कवीच्या डोक्यातलं. मिसर देशातल्या अलेक्झांड्रियाला राजाच्या आश्रयाने राहून त्याने शहरातल्या लोकांना रानातली स्वप्नं विकली. मी अर्थातच हा तिसरा पक्ष घेतला. पुस्तिकेचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं: 'राबणाऱ्याच्या तोंडी गाणं घालणं हा त्याची मजुरी बुडवण्याचा सर्वांत जुना मार्ग आहे.'

हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की आमच्या दारात गाद्या पिंजायला बसलेल्या हनीफभाईंनाही मी ते वाचून दाखवलं.

हनीफभाई पिंजारी आहेत. नाना पेठेच्या पलीकडे त्यांचं दुकान आहे. कापूस पिंजतात आणि लोकरीची जेनही बनवतात, म्हणजे घोड्याच्या पाठीवर किंवा जमिनीवर अंथरायचा जाड थर. त्यासाठीची लोकर ते धनगरांच्या वाड्यांवरून आणतात; त्यांचे वडीलही तिथूनच आणत. त्यांनी माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं आणि दाढीतला कापूस झटकला.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "मेंढरू पाहिलंय का?"

"त्याचा काय संबंध?"

"नाही, सहज विचारलं. बिर्याणीतलं सोडून."

आई आतून हसली. मी चिडलो आणि म्हणालो, पुढच्या खेपेला मी तुमच्याबरोबर येतो. मजुरीचं सत्य काय आहे ते तिथेच उभा राहून विचारतो.

"या की," हनीफभाई म्हणाले. "फक्त उभे राहू नका. बसा. उभ्या माणसाला मेंढरं बुजतात."

वारजे

वारजे गाव मागे टाकलं की कापणी झालेली रानं लागतात. तिथे धुळाबांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे आपल्या पेठांतला नव्हे. धनगरांची पाचसहा बिऱ्हाडं एकत्र चालतात, त्या सगळ्यांना मिळून वाडा म्हणतात. त्याला भिंत नसते. संध्याकाळी जाळं लावून मेंढरं कोंडतात, बिऱ्हाडं घोड्यांवरून उतरतात आणि घर होतं. ज्याच्या रानात मेंढरं बसतात त्याला लेंडीखत मिळतं आणि तो बदल्यात धान्य देतो. वाड्याचे कारभारी धुळाबा, पांढऱ्या मिशांचे, सतत काहीतरी शोधत असल्यासारखे इकडेतिकडे पाहणारे.

"ह्ये कोन आनलं, हनीफभाई?"

"लेखक आहेत. पुण्याचे."

"बरं, बरं," धुळाबा म्हणाले. "चावत न्हाईत न्हवं?"

पुण्यात पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतात, आणि तो नाही म्हणेल अशी आशा ठेवतात. इथे कुणी विचारलंच नाही. मेंढीच्या दुधाचा चहा हातात आला. तो इतका दाट होता की मला आधी खीर वाटली. जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं मिळालं. माडगं मी खाली मान घालून संपवलं, तर माझी ताटली लगेच भरली गेली. मला आवडलं नव्हतं म्हणून मी ते घाईने संपवलं होतं. त्यांना वाटलं, पाहुणा भुकेला आहे.

आम्हाला जेवू घातलं ते ठकूबाईंनी. वय चाळिशीचं असेल, आवाज मोठा, कपाळ मोकळं. त्यांचे यजमान पावसाळ्याआधी घाटात तापाने गेले. मूलबाळ नाही. कळप मात्र त्यांनी विकला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मेंढरांची कातरणी होती, नवरा गेल्यानंतरची पहिलीच. मेंढरं ओढ्यावर धुऊन आणलेली होती. ठकूबाई पुन्हा पुन्हा उठून जाळ्याशी जात होत्या आणि दूरच्या वाटेकडे बघत होत्या.

"कुणाची वाट बघता?" मी विचारलं.

"कुनाची न्हाई," त्या म्हणाल्या.

हनीफभाईंनी मला नंतर हळूच सांगितलं. कातरणीला शेजारच्या वाड्यांतले पुरुषही येतात. ते ठकूबाईंकडे आले, तर ठकूबाईंची मेंढरं वाड्यात राहिली. नाही आले, तर कळप विकायचा आणि भावाच्या दारात जाऊन राहायचं. असं कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

कातरणीचा माळ

सकाळी ते आले. एकेक करत, खांद्यावर घोंगडी आणि कमरेला कातर. ठकूबाईंनी डोक्यावरचा पदर ओढून घेतला आणि चुलीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने वळल्या तेव्हा त्या शेजारणीला ओरडत होत्या, की मटणाला मीठ घालायला तुला सांगितलं होतं, समुद्र आणायला नव्हे.

मेंढरू आडवं पाडून पाय बांधतात. पोटाकडून कातर घालतात आणि लोकर अंगरखा काढल्यासारखी एका तुकड्यात उतरते. खालून निघतं ते गुलाबी, लाजलेलं जनावर. कातरणारे समोरासमोर दोन ओळींत बसले होते. कातरी चालू झाल्या आणि जरा वेळाने एका ओळीतून एक जण गळा काढून म्हणाला:

*माळाच्या माथ्यावर उभा गं दगड,*
*त्याला कशाची आली गं अकड?*

समोरच्या ओळीत एक तरुण गडी सगळ्यांत मागे पडला होता. टोमणा त्याला होता. सगळे हसले. त्याच्या बाजूच्या कुणालाच उत्तर सुचेना, तेव्हा त्या बाजूने चुलीपाशी बसलेल्या ठकूबाई गायल्या:

*दगड उभा त्याला वाऱ्याची साथ,*
*तुझ्या रं कातरीला फुटंना हात!*

एकच हशा. ज्याने पहिली ओळ टाकली होती त्याची कातर खरोखरच थांबली होती, ती तो घाईने चालवू लागला. मग ओळीवर ओळ सुरू झाली. मेंढरावर, पावसावर, कुणाच्या तरी सासूवर. जी बाजू अडेल तिच्याकडून ठकूबाई उत्तर देत. त्यांची ओळ आली की दोन्हीकडच्या कातरी एका तालात येत.

म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर काय चाललं होतं? ओळीला ओळ, बाजूला बाजू. पुस्तकात वाचलेलं सगळं तिथे होतं. ग्रीस नव्हतं एवढंच. आणि मी काय करत होतो? मी मजुरी शोधत होतो.

शेजारच्या गड्याला मी विचारलं, "तुम्हाला याचे काय मिळतात?"

"मिळायचं काय? सावड हाय."

सावड मला ठाऊक होती. आज तू माझ्याकडे राब, उद्या मी तुझ्याकडे राबेन. लगेच माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. ठकूबाईंच्या घरी कातर धरणारा माणूस नाही. मग त्या ही सावड फेडणार कशी? आज उपकार करून हे लोक उद्या त्यांच्याकडून काय काय वसूल करतील? गाण्याच्या नादात एका बाईला कायमचं मिंधं केलं जात आहे, आणि हे कुणीतरी बोललं पाहिजे. मी उठून उभा राहिलो. समोरचं मेंढरू बुजलं आणि गड्याच्या हातून निसटलं.

ठकूबाई गात होत्या. त्यांची ओळ अर्धी झाली होती.

"एक मिनिट," मी म्हणालो. "धुळाबा, एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. ठकूबाईंच्या घरात पुरुष नाही. हे आजचे श्रम त्या कुणाकुणाला आणि कसे परत करणार? त्यांना हे कुणी विचारलं आहे का?"

कातरी थांबल्या. दोन ओळींतल्या साऱ्या कातरी एकाच वेळी थांबल्या की माळावर काय ऐकू येतं, ते मला आता माहीत आहे. मेंढरांचा श्वास ऐकू येतो.

धुळाबांनी सावरायचा प्रयत्न केला. "पाव्हनं, तुमच्या पुन्यात गानं चालू असताना सभा भरवत्यात व्हय? बसा, बसा."

हनीफभाई म्हणाले, "अहो, उन्हात उभे राहिलात तुम्ही. चला, पाणी घ्या."

दोघांनी मला दार उघडून दिलं होतं. मी त्यातून बाहेर पडलो नाही. मी आणखी बोललो. श्रमाचं मोल, बाईचा हक्क, मिंधेपणाची साखळी. खडकीच्या गेटवर या शब्दांना टाळ्या पडतात. इथे लोक जमिनीकडे बघत होते. ठकूबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं, त्यांना माझं पटतं आहे.

त्या उठल्या. "पाव्हन्याचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "मला फेडायला मानूस न्हाई." मग त्या अर्धवट कातरलेल्या मेंढरांपाशी गेल्या आणि एकेकाचे पाय सोडू लागल्या. "ज्यानं जी कातारली त्यानं ती लोकर घिऊन जावी. न्हाई म्हनू नगा."

"ठके, काय येडी का काय तू?" धुळाबा म्हणाले. "त्यो परका मानूस."

"परक्यानं सांगितलं म्हनून काय खोटं झालं?"

लोकर कुणी घेतली नाही. घेतली असती तर ते मजूर ठरले असते. मग जेवण वाढलं गेलं, आणि तेही अवघड झालं. खावं तर मजुरी घेतल्यासारखं, न खावं तर ताटाचा अपमान. धुळाबांनी पहिला घास घेतला, मग सगळ्यांनी घेतला. कुणी मीठ जास्त आहे असंही म्हणालं नाही. मी तेच मटण खाल्लं. काय चव होती, आठवत नाही.

परतताना माणसं ठकूबाईंना 'येतो' म्हणाली. 'पुढच्या खेपेला येतो' असं कुणी म्हणालं नाही.

हनीफभाई लोकरीची पोती शिवत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"पण मी खोटं काय बोललो?" मी शेवटी विचारलं. "फेडणार कशी ती?"

त्यांनी दाभण पोत्यात तशीच खोचून ठेवली.

"अहो, फेडत होती ना. गात होती. ठकूबाई आल्याशिवाय या भागातली कुठलीही कातरणी सुरू होत नाही. तिचं गाणं आणि त्यांची कातर, चालू होतं की बरोबर. आता तुम्ही हिशेब मांडलात. मांडल्यावर गाणं कुठल्या रकान्यात टाकायचं?"

मला माझं पहिलं वाक्य आठवलं. राबणाऱ्याच्या तोंडी गाणं घालणं. कुणी घातलं नव्हतं. ते तिचं होतं, आणि मी ते अर्ध्या ओळीवर काढून घेतलं होतं.

खडकवासल्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी उजाडताच हनीफभाई आणि ठकूबाईंनी मिळून राहिलेली मेंढरं कातरली. मी पाय धरायला बसलो. एका मेंढीने छातीत लाथ घातली आणि सदऱ्याची बटणं गेली. ठकूबाईंनी पाहिलं, पण त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वाडा घाटाच्या दिशेला निघाला. ठकूबाईंनी आपलं बिऱ्हाड घोड्यावर लादलं आणि घोड्याचं तोंड दुसरीकडे, खडकवासल्याकडे वळवलं.

"ठके, चल की," धुळाबा म्हणाले. "इसर त्ये."

"तुमची सावड फिटली की यीन."

"फिटायला घेतली कुनी व्हती?" म्हातारा जवळजवळ रडवेला झाला होता. पण ठकूबाई चालू लागल्या होत्या.

हनीफभाई पोती घेऊन पुण्याकडे गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "तुम्ही त्यांच्याबरोबर जा. बोलू नका, नुसतं जा." मी पुण्याहून आणलेली सायकल हातात धरून कळपाच्या मागे चालू लागलो. ठकूबाईंनी ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. वाटेत माझ्या लक्षात आलं की मोटारवाले घंटीपेक्षा मोठा आवाज करतात, आणि तो मागून आला की मेंढरांबरोबर माणूसही दचकतो.

खडकवासल्याच्या अलीकडे एका मळ्यात त्यांनी रान विचारलं. मालकाने कळपाकडे नजर टाकली. "एवढीशीच? ही माझ्या एका कोपऱ्याला पुरायची न्हाईत. आणि गडी कोन हाय संगं?" त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बटणं तुटलेल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि उत्तर स्वतःच शोधलं. मी तोंड उघडलं.

"तुमी बोलू नगा," ठकूबाई म्हणाल्या.

पुढच्या दोन मळ्यांतही हेच झालं. एकटा, लहान कळप कुणालाच नको असतो. वाड्यात असताना त्यांची मेंढरं मोठ्या कळपाचा भाग होती, तेव्हा हे कधी कुणी विचारलं नव्हतं. शेवटी त्या तलावाच्या काठी, कुणाच्याच नसलेल्या जागेत उतरल्या. तिथे खताला घेणारा नाही, म्हणून धान्यही नाही. तलाव मात्र फार सुंदर दिसत होता. कॅलेंडरावर छापावा असा.

त्या कवितांतली एक गोष्ट मला तिथे आठवली. कधी कधी चढाओढीत कुणीच जिंकत नाही. दोघे आपापली वाद्यं एकमेकांना देतात आणि उठतात. हे मी पुस्तिकेत 'गोडगोड खोटेपणा' म्हणून उडवून लावलं होतं. सिसिली आणि वारजे यांच्यात समुद्र आहे आणि दोन हजार वर्षं आहेत; एका कातरणीवरून उगमाचा निकाल लागत नाही, एवढं मला कळतं. पण आता मला असं वाटतं, की ओळीला ओळ देणं ही पैज होण्याच्या आधी सावड असेल. तुझं काम माझ्याकडे, माझं गाणं तुझ्याकडे, आणि कुणावर काय बाकी आहे ते कुणी मोजायचं नाही. राजधानीतल्या कवीने ते ऐकलं असेल आणि त्याला फक्त चढाओढ दिसली असेल. तो निदान ऐकत बसला. मी तर उभा राहिलो.

निघताना मी ठकूबाईंना म्हणालो, "माझं चुकलं."

त्यांनी फडक्यात भाकरी बांधून माझ्या हातात दिली. "पुन्यात तुमचं कोन ऐकतं?"

"मी लिहितो ते छापतात. काही लोक वाचतात."

"मंग छापा की. ठकूकडं मेंढरं हायती, रानात बसवायची हायती. तुमच्या बोलन्यानं वाडा सुटला, तर रान मिळंल का बगा."

पुस्तिका मी मंडळाकडून परत घेतली. तिच्या जागी हे छापायला दिलं आहे.

तेव्हा वारजे, खडकवासला, सिंहगडाच्या पायथ्याला किंवा मुठेकाठी ज्यांची रानं आहेत, त्यांना माझी विनंती आहे. कापणी झाली असेल, रान मोकळं असेल, आणि एक बाई घोड्यावर बिऱ्हाड लादून थोडक्या मेंढरांसह बांधावर येऊन उभी राहिली, तर तिला कोपरा द्या. मेंढरं थोडी आहेत असं म्हणू नका. बरोबर कोण आहे, असं विचारू नका. संध्याकाळी ती गायला लागली, तर जवळ जाऊन खाली बसा. तुम्हाला ओळ सुचली तर ओळीने उत्तर द्या. नाही सुचली, तर तिची ओळ पुरी होऊ द्या.